गवतातून उचललेलं पाडस

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. त्या पाडसाची आई मेलेली नव्हती. ती मला समोर दिसत होती.

कारंजा गावाजवळ काळविटांचं अभयारण्य आहे. कामरगावकडं माझा भाजीचा मळा. भाजीचा तोडा नसेल त्या सकाळी मी अभयारण्यात फिरायला जातो. फाटकावरचा वनमजूर माझ्याच वयाचा, आता दोस्तच. त्याच्यासाठी भाजलेल्या शेंगा नेतो.

"ज्यायनं तुमचा हरबरा खाल्ला त्यायलेच पाहाले येता, भाऊ," तो हसतो. "आन् शेंगा मले!"

कळप माळावरून उड्या घेत निघाला की आम्ही दोघंही बोलायचं थांबतो. इतक्या वर्षांनीही.

काही वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या सुमारास, फोटोच्या नादात मी पायवाट सोडली. सोडू नका, असं तो नेहमी बजावायचा. गवतात एक पाडस अंग चोरून पडलं होतं. लांब एक मादी उभी, माझ्याकडंच बघत. आपल्याकडं गाय रानात व्याली की आपण वासरू उचलून पुढं चालतो, गाय हंबरत मागं येते. माझे हात त्याच सवयीनं खाली गेले. ऊन चढत होतं. वाटलं, सावलीत ठेवू, आई येईलच.

ती आली नाही. परत ठेवायला वळलो तर जागा सापडेना. सगळं गवत सारखंच. शेवटी माळ उतरून बाहेरच्या रस्त्यानं फाटकावर आलो.

"हे कुठी सापडलं, भाऊ?"

"बाहीर, डांबरीवर. मायले कुत्रे ओढत घेऊन गेले."

वाट सोडली म्हणून तो रागावेल, एवढ्याच भीतीनं मी हे बोललो.

त्यानं ते बाटलीनं शेळीचं दूध पाजून वाढवलं. ते नळापर्यंत त्याच्या मागं जायचं, सदरा ओढायचं. "बायको म्हन्ते, तिकडंच संसार मांडा आता," असं तो लाजत सांगायचा. पण कळपात सोडलं तरी ते माणूस दिसला की धावत यायचं. अखेर साहेबांनी ते दुसऱ्या जिल्ह्यात, जाळीच्या आवारात पाठवलं. त्यानं स्वतः उचलून गाडीत ठेवलं. त्या दिवशी शेंगा तशाच राहिल्या.

"जगलं तं तुमच्यामुळं, भाऊ," तो म्हणाला. तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला तो माझं कौतुक सांगतो.

गेल्या महिन्यात एक जोडपं ओढणीत पाडस गुंडाळून फाटकावर आलं. मागच्या खेपेला त्यांनी माझीच गोष्ट ऐकली होती.

"याची माय पाह्यली काय?" वनमजुरानं विचारलं.

"हो, लांब उभी होती."

"मंग काहून उचललं? थे लेकरू लपवून ठेवते, टाकून नाही देत!"

त्यांनी जागा दाखवली. पाडस तिथंच ठेवून आम्ही लांब बांधाआड बसलो. दिवस कलता कलता मादी आली, तिनं पाडसाला हुंगलं, आणि ते उठून दूध पिऊ लागलं. त्यानं माझा खांदा दाबला. त्याचे डोळे भरले होते.

"आपल्याच्या नशिबी मायच नव्हती, भाऊ. नाही तं तेही असंच मायजवळ गेलं असतं."

मी "हो" म्हणालो.

त्याला खरं सांगायचं अजून राहिलं आहे. आणि माफी मागायची.