पडद्याशी बोलणारी माणसं

शहरातल्या जगण्यावरचे धीट, स्वतंत्र सिनेमे मालवणात आणून दाखवायचे, हे खूळ माझ्या नवऱ्याच्या डोक्यात शिरलं ते आमच्याकडे उतरलेल्या मंडळींमुळे. तारकर्लीला आमच्या घरामागे पर्यटकांसाठी खोल्या आहेत. ही मंडळी शहरातली, तरुण, सिनेमे करणारी. सोलकढीचा दुसरा पेला संपवत म्हणाली, "किती शांत आहे हो इथे!" परवा ती परत जाणार होती. शांततेचं कौतुक अशाच माणसांना परवडतं.

मी मूळची बांद्याची. विशीत नोकरीसाठी मुंबईला गेले आणि ते शहर मला पहिल्या महिन्यातच मानवलं. उशिरा आले तर का, लवकर निघाले तर कुठे, हे विचारणारं कुणी नव्हतं. लग्नही तिथेच जमलं, ह्या तारकर्लीच्या माणसाशी. काही वर्षांपूर्वी त्याने नोकरी सोडली, आम्ही इथे आलो आणि खोल्या बांधल्या. तो सुखी झाला. सकाळी माडांना पाणी लावताना शीळ घालतो. मी चादरी वाळत घालते, काढते, घड्या करते आणि उगाचच दारात येऊन रस्त्याकडे बघत राहते. बाजाराला निघाले की वळण येईपर्यंत दोघं-तिघं तरी विचारतात, "खंय चललंस गो?" प्रेमानेच विचारतात, पण माझं डोकं फिरतं. रात्री अंग दुखतं, झोप मात्र लागत नाही. हे नवऱ्याला मी कधी सांगितलं नव्हतं. त्याच्या आनंदावर विरजण कोण घालणार?

महोत्सवासाठी एक मंगल कार्यालय मिळालं. खिडक्यांवर ताडपत्र्या ठोकल्या, बोहल्याच्या जागी पडदा लावला. नवरा प्रोजेक्टरपाशी आणि लोकांना गप्प बसवायचं काम माझ्याकडे. ते मला शेवटपर्यंत जमलं नाही. आमच्याकडची माणसं दशावतार बघत वाढलेली. समोरचं पात्र संकटात असेल तर त्याला चार शब्द सुनावल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. पडद्यावरच्या घरमालकाने रात्री भाडेकरू मुलीचं दार वाजवलं की मागून आवाज यायचा, "दार उघडू नको गो!" मी "शूऽऽ" करत रांगेरांगेतून फिरत होते आणि आतून चिडत होते. सिनेमे घेऊन पुन्हा आलेली शहरातली मंडळी मात्र खूश. त्यांच्या सिनेमांशी असं कुणी बोललंच नव्हतं म्हणे.

शेवटच्या दुपारचा सिनेमा त्यांच्यातल्याच एका मुलीने केलेला. गावाहून आलेली एकटी पोरगी, भाड्याची खोली, मित्र येतो-जातो. त्यात एक चुंबन होतं आणि त्या धास्तीने नवऱ्याला सकाळपासून घाम फुटला होता. चुंबन आलं नि गेलं, कुणी हूं की चूं केलं नाही. हॉल खवळला तो तिच्या मोरीत साठलेल्या भांड्यांवर. "आधी ती भांडी घास, मेले!" हा आवाज पहिल्या रांगेतून, माझ्या सासूबाईंचा.

मी हसले, आणि मग हसू कुठे गेलं ते कळलं नाही. ती पोरगी खिडकीत उभी राहून एकटीच चहा पीत होती. कुणी तिला हाक मारत नव्हतं. मला तिचा हेवा वाटला, अगदी पोटातून.

शेवटी तिची नोकरी जाते. मांडीवर बॅग घेऊन ती स्टँडवर बसते आणि गावची गाडी येऊन उभी राहते. हॉल पेटला. "चढ गो! ये घराक!" सासूबाई तर उठून उभ्या राहिल्या. "ये गो बाय, काय आसा थंय?"

"जाव नको!" हे मी ओरडले. "जाव नको गो, जाव नको!"

पडद्यावर काळोख झाला. ती चढली की नाही ते सिनेमाने सांगितलंच नाही. दिवे लागले तेव्हा सिनेमा करणारी मुलगी पुढे येऊन हसत विचारत होती, "हे कोण म्हणालं?" सगळी बोटं माझ्याकडे वळली, सासूबाईंचंसुद्धा. तिने माझ्या हातात माईक दिला. "का वाटलं तसं?"

सिनेमा आवडला, एवढंच म्हणून मोकळी झाले असते. हॉलच्या दुसऱ्या टोकाला नवरा खुशीत वायर गुंडाळत होता, आणि त्याचा चेहरा बघून आत्ता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही, अशी मला खरोखर भीती वाटली.

"ती गेली तर सगळ्यांना बरं वाटेल," मी म्हणाले. "तिच्या आईला, गावाला, आपल्याला. तिला कुणी विचारणार नाही. आणि बाकीचे खूश आहेत म्हणून तीही सांगणार नाही."

नवऱ्याचे हात थांबले. त्या माणसाला हळू बोलणं म्हणून माहीत नाही.

"गो, तू पिक्चराचा सांगतंस काय तुझा?"

कुणी हसलं नाही. माईक अजून माझ्या हातातच होता.

"खरां सांग," तो म्हणाला. "तुका परत जावचा आसा?"

"होय," मी म्हणाले, आणि ते सगळ्या हॉलभर ऐकू गेलं.