दुरुस्ती माझी, सत्कार सरांचा

तबक माझ्या हातात होतं. शाल, श्रीफळ, गुलाबाचा हार. कॉलेजचा हॉल खचाखच भरलेला. माईकवरून सांगत होते की आमच्या विभागप्रमुख सरांनी परदेशातल्या एका मोफत सॉफ्टवेअरचा वेग वाढवला, नाशिकचं नाव उंचावलं. टाळ्या. तो वेग मी वाढवला होता. मी तबक धरून उभी होते.

शाल घेताना सर पाहुण्यांना म्हणाले, "ही आमची लॅब असिस्टंट. सुरगाण्याची आहे. माउस फार छान धुते." पाहुणे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. तेव्हा माउसच्या पोटात रबराचा गोळा असायचा. त्याच्यावर मळ बसायचा. तो काढायचा, धुवायचा, पुसून परत बसवायचा. चाळीस माउस, दर शनिवारी. मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा पहिल्या वर्गात केला होता. आश्रमशाळेत शिकलेली, कोकणा आदिवासी घरातली मुलगी. सरांच्या लेखी माझा डिप्लोमा म्हणजे कोटा. प्रॅक्टिकल चालू असताना मी उभंच राहायचं, असा त्यांचा नियम. तो नियम फक्त मला.

पोरं ज्याच्यात प्रोग्राम लिहायची ते सॉफ्टवेअर फुकट मिळायचं. त्याचा आतला कोडही कोणालाही वाचायला, बदलायला खुला होता. पण उघडायला इतका वेळ घ्यायचं की निम्मं प्रॅक्टिकल पांढऱ्या पडद्याकडे बघण्यात जायचं. ज्यांच्या घरी कॉम्प्युटर होता त्यांचं काही बिघडत नव्हतं. ते घरूनच प्रोग्राम फ्लॉपीवर आणायचे. सायखेड्याची एक मुलगी रोज एसटीने यायची. ती एकदा मला म्हणाली, "मॅडम, हे उघडंस्तोवर माझा तास जातो. घरी कॉम्प्युटर नाय. मी शिकू कवा?"

मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "खेड्यातल्या पोरांचा हातच चालत नाही. मशीनला कशाला दोष देतेस?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवसापासून मी दुपारच्या सुट्टीत दार लोटून तो कोड वाचायला लागले. कळायला दोन महिने गेले. दोष पोरांचा नव्हता, मशीनचाही नव्हता. सरांच्या संशयी स्वभावाचा होता. पोरं एकमेकांचं चोरतात, म्हणून सगळं नजरेखाली राहावं यासाठी त्यांनी सगळ्यांना सर्व्हरवरच्या एकाच फोल्डरमध्ये काम करायला लावलं होतं. पास होऊन गेलेल्यांच्या फाइलीही तिथेच पडलेल्या. सॉफ्टवेअर उघडताना त्यातली एकेक फाइल तपासत बसायचं, आणि चाळीस मशीन हेच एकदम करायच्या.

फोल्डर वेगळे करू या म्हटलं. "शिस्त मला शिकवू नकोस," सर म्हणाले. मग मी सॉफ्टवेअरच बदललं. उघडताना समोरची फाइल तेवढी तपासायची, बाकीच्यांना गरज पडेल तेव्हाच हात लावायचा. चौदा नंबरच्या मशीनवर लावून बघितलं. ओढणी सावरेपर्यंत उघडलं. रिकाम्या लॅबमध्ये मी एकटीच टाळी वाजवली.

सरांना दाखवलं, ही माझी चूक. "फ्लॉपीवर दे, तपासतो," म्हणाले. तपासलं कसलं! ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या परदेशी लोकांना त्यांनी स्वतःच्या नावाने ते पाठवून दिलं. त्या लोकांनी घेतलं. म्हणून तो सत्कार.

आठवड्याभराने सरांनी केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची पुढे केली. "बसा ना." मला पहिल्यांदाच अहो-जाहो. टेबलावर त्या लोकांचं पत्र छापून ठेवलेलं. एकाने उघडलेली फाइल दुसऱ्याने पुसली, तर सॉफ्टवेअर बंद पडतं. दुरुस्त करा, नाहीतर तुमचा बदल काढून टाकू. चूक खरी होती. मी एकाच मशीनवर एकटीने तपासलं होतं.

"एवढं करून द्या. मी पाठवतो."

"करते. पण माझ्या नावाने पाठवीन."

मग अहो-जाहो संपलं. "तुझं नाव कोण वाचणार? जूनमध्ये ऑर्डर निघायची आहे, लक्षात आहे ना?"

आमच्या ऑर्डरी अकरा महिन्यांच्या. दरवर्षी सरांच्या सहीने नवी निघायची. घरातली पहिली नोकरी माझी, धाकटीचं नर्सिंग तिच्यावर चाललेलं. मला भीती वाटली. पण मी हात आखडता घेतला असता, तर तो बदल निघाला असता आणि भोगलं सायखेड्याच्या मुलीने असतं. आणि करून सरांच्या हातात दिलं असतं, तर पुढे कायमची हीच रीत पडली असती.

दोन दिवसांत दुरुस्ती केली. या वेळी चार मुलींना चार मशीनवर बसवलं, एकमेकींच्या फाइली पुसायला लावल्या. कोणाचंच बंद पडलं नाही. मग कॉलेज रोडच्या सायबर कॅफेतून पाठवलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं, हा बदल पहिल्यापासून माझा आहे. पहिल्यातली चूकही माझीच आहे. त्यांनी दुरुस्ती घेतली, माझं नाव लावलं. सरांचं काढलं नाही. माझ्या नावाच्या वर तसंच ठेवलं.

मग शिपायाने मेमो आणला. कॉलेजचं काम विनापरवानगी बाहेर पाठवल्याबद्दल चोवीस तासांत लेखी खुलासा द्यावा. दिलगिरी व्यक्त केल्यास सहानुभूतीने विचार होईल. स्टाफरूममधले सगळे गोडीगुलाबीने समजावायला लागले. "दोन ओळी लिहून टाक गं, तुझं काय जातंय?" काय जातं ते त्यांना कळणार नव्हतं. त्यांचं कधी काही गेलंच नव्हतं.

मी लिहिलं: "मी केलेलं काम मी पाठवलं. पुढेही पाठवीन. माझं काम स्वतःच्या नावाने कसं पाठवलं, याचा खुलासा विभागप्रमुखांनी द्यावा." खाली पूर्ण नाव, आडनावासकट, गाव-तालुक्यासकट. एक प्रत प्राचार्यांना. माझ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतली.

जूनमध्ये ऑर्डर निघाली नाही. कॉलेज उघडलं त्या दिवशी साडेदहा वाजता मी ती पोच घेऊन प्राचार्यांच्या ऑफिसात गेले. विचारलं, "विभागप्रमुखांचा खुलासा आला का?" क्लार्क म्हणाला, "बाई, तुम्ही आता इथं नोकरीला नाही." म्हटलं, "नसेन. उद्या परत विचारायला येते."