सफारीतला तो एक फोटो

मंडळी, आज दुपारी माझ्याच घरी माझी मान खाली गेली.

केनियाच्या सफारीहून परतून आठवडा झाला. इथल्या, अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या चार मित्रमैत्रिणींना जेवायला बोलावलं आणि टीव्हीवर फोटो लावले. सिंह, हत्ती, जिराफ बघून सगळे खूश. मग रिझर्व्हला लागून असलेल्या वस्तीतला एक फोटो आला. झोपडीच्या दारात चूल पेटवणारी बाई, चेहऱ्यापुढे हात धरलेली.

"बघा, कसे राहतात हे लोक! आणि ही कशी लाजली बघा," मी हसत म्हणाले.

त्या चौघांतली प्रणाली इथे पीएचडी करते. ती हळूच म्हणाली, "ताई, ती लाजत नाहीये. नको म्हणतेय."

मग पुढे म्हणाली, "आमचं गाव चंद्रपूरकडे, वाघांच्या जंगलाला लागून. आई मोहफुलं वेचायला जायची, तेव्हा टुरिस्ट जिप्सी थांबवून तिचे फोटो काढायचे. तीही असाच हात धरायची. तरी काढायचे यार."

मी टीव्ही बंद केला आणि "गुलाबजाम घ्या ना" असं काहीतरी बोलले. निघताना प्रणालीनं नेहमीसारखी मिठी मारली, तरी माझ्या तोंडून सॉरी निघालं नाही.

सगळे गेल्यावर फोटो डिलीट केला. पण खरं सांगते, ती नको म्हणतेय हे मला तिथेच कळलं होतं. तरी मी झूम केलं.

प्रणालीला आता फोन करतेय. त्या बाईची माफी कशी मागायची, सांगाल कुणी?