अर्धा रंगवलेला घोडा

माझ्या मोठ्या नणंदबाई इसिद्रा एकसष्ट वर्षांच्या आहेत. त्यांतली बावन्न वर्षं त्यांनी कागदी घोडे रंगवण्यात घालवली. फिलिपिन्समधल्या आमच्या पाएते गावात लाकडी साच्यावर खळ लावलेल्या कागदाचे थर चढवतात, उन्हात वाळवतात, सुरीने मधोमध चिरून दोन अर्ध्या भागांत सोडवतात आणि पुन्हा जोडतात. तो पोकळ घोडा मग वन्संकडे येतो. लाल अंग, मानेवर पांढरी-पिवळी फुलं, डोळे सगळ्यात शेवटी. लग्न का केलं नाही विचारलं तर म्हणतात, "एक वाळेपर्यंत दुसरा घोडा दारात."

माझी मुलगी क्रिझेल त्यांच्याच अंगणात वाढली. नर्सिंगचं शेवटचं वर्ष सोडून ती याच कामात शिरली, तेव्हापासून मला नीट झोप नाही. तिच्या वर्गातल्या मुली दुबईला, लंडनला पोचल्या. ही घोडे करते, आणि तेही न रंगवता. म्हणते, रंगाखाली काय असतं ते लोकांना दिसू दे.

यंदा मनिलाच्या एका गॅलरीने नव्या कलावंतांच्या प्रदर्शनात तिला जागा दिली. पहिलीच संधी, एकच काम, शुक्रवारी टेम्पो येणार. तिने छातीइतका उंच घोडा केला. कागद म्हणजे मी शाळेत तीस वर्षं साठवलेल्या गणिताच्या उत्तरपत्रिका. पोरांची अक्षरं त्याच्या पोटावर, मानेवर वाचता येत होती.

सोमवारी ती जागा बघायला मनिलाला गेली. घोडा वन्संच्या अंगणात होता. दुपारी त्या लाल रंगाचा डबा उघडताना मला फाटकातून दिसल्या. क्रिझेलनेच सांगितलं असेल असं वाटलं. मी विचारलं नाही.

मंगळवारी क्रिझेल परतली तेव्हा घोडा खुरांपासून कानांपर्यंत लाल होता. फुलं नेहमीपेक्षा सुंदर उतरली होती.

"तुझी किती धावपळ चाललीय," वन्सं म्हणाल्या. "म्हटलं, रंगवायचं राहून गेलं. मनिलाला काय नागडा पाठवायचा?"

"आत्या, तो तसाच जाणार होता."

"तसाच म्हणजे?"

"बिनरंगाचा."

"अगं, मग तो झालाच नव्हता की."

क्रिझेल आत गेली. हा घोडा गेला नाही तर तिची जागा जाईल, पुन्हा कोण बोलावणार, असं मी वन्संना सांगितलं. त्या ब्रश पुसत होत्या. "मग तू का नाही बोललीस, मास्तरीणबाई? फाटकाशी उभी होतीस की."

कागदावरून तो रंग निघत नाही. नवा घोडा करावा तर उरलेल्या उत्तरपत्रिका जेमतेम अर्ध्या घोड्यापुरत्या. बुधवारी उजाडताच क्रिझेलने सुरी घेतली आणि जोडावरून घोडा उभा चिरला. उजवी बाजू ठेवली, डावी काढून टाकली. मग गॅलरीतल्या बाईंना फोन करून झालं ते जसंच्या तसं सांगितलं. "आणा, बघू," एवढंच त्या म्हणाल्या.

ती नव्या डाव्या बाजूसाठी साच्याला मेण चोळत होती तेव्हा वन्सं खळीचं भांडं घेऊन आल्या आणि न विचारता कागद चिकटवू लागल्या.

"उलटा लाव, आत्या. अक्षरं बाहेर."

"अक्षरं आतच घालतात. शाई रंगात उतरते."

"रंग नाही लावायचा."

"हं." त्यांनी कागद उलटला. थोड्या वेळाने म्हणाल्या, "हा लिहितो सात साती सत्तेचाळीस. हे मनिलाला दाखवायचं?"

"दाखवायचं."

"शेजारच्या क्रेसेन्सियोचा धाकटा दिसतोय. आता ट्रायसिकल-रिक्षा चालवतो. सुट्टे परत देताना अजून असाच हिशोब करतो."

मनिलाहून परतल्यापासून पहिल्यांदाच क्रिझेल हसली.

ऊन टिकलं. गुरुवारी संध्याकाळी दोन्ही भाग जोडले. शुक्रवारी घोडा टेम्पोत चढवला आणि मागून आम्ही तिघी बसने निघालो. मी वाटभर मनात नर्सिंग कॉलेजच्या प्रवेशाच्या तारखा मोजत होते.

गॅलरीतल्या बाई घोड्याभोवती दोनदा फिरल्या. मग त्यांनी माणसांना हाक मारली आणि भिंतीजवळची जागा रद्द करून घोडा दालनाच्या मधोमध ठेवायला लावला. "कुणी एकाच बाजूने बघून निघून जाता कामा नये," त्या म्हणाल्या. माझं तारखा मोजणं तेव्हा कुठे थांबलं. पाटीवर आत्या-भाची दोघींची नावं घालायची का, असं त्यांनी विचारलं. क्रिझेल हो म्हणाली.

उद्घाटनाला वन्सं शेवटपर्यंत आपल्या रंगवलेल्या बाजूला उभ्या होत्या, कुणी फुलांना हात लावू नये म्हणून. एका दाढीवाल्या गृहस्थांनी क्रिझेलला विचारलं, अर्धाच रंगवण्यामागे विचार काय होता? ती शब्द जुळवत होती. वन्संनी पलीकडून उत्तर दिलं.

"ती घरी नव्हती म्हणून."

गृहस्थांनी क्रिझेलकडे पाहिलं. तिने होकारार्थी मान हलवली.