मागच्या चाकांतली हवा
पेट्रोलपंपावर हवेच्या नळीचा फुस्स आवाज आला की माझं डावं मनगट ठणकतं. दादाला तेव्हा ड्रॅग रेसचं, सरळ रस्त्यावर गाड्या सुसाट सोडायच्या शर्यतीचं, वेड लागलं होतं. नोएडापुढच्या स्पर्धेसाठी त्याने गाडीचं मागचं सस्पेन्शन मऊ करून घेतलं, रुंद टायर बसवले आणि सुटताना ते रस्त्याला चिकटावेत म्हणून त्यांत हवा मुद्दाम कमी ठेवली. बाबांना हे माहीत नव्हतं. दादा घरात सांगायचा नाही, नुसता खेकसायचा. स्पर्धेला मी आणि बाबाही गेलो होतो. तो नाव नोंदवायला गेला तेव्हा बाबांना मागचे टायर हवेअभावी बसलेले दिसले आणि त्यांनी पायपंपाने ते टणक करून ठेवले. हिरवा दिवा लागताच चाकं जागेवरच किंचाळली, गाडी आडवी फिरली आणि भिंतीवर आदळली. दादा रक्ताळलेल्या कपाळाने बाहेर आला. "टायर को हाथ किसने लगाया?" बाबा पुढे झाले. "अरे, मला वाटलं, तू विसरलास." दादाने लोखंडी पाना उचलून थेट त्यांच्या डोक्याच्या दिशेने हाणला. मी मध्ये हात घातला; हाड मोडल्याचा आवाज आधी आला, कळ नंतर. त्यानंतर बाबांनी कुठल्याच चाकाला हात लावला नाही. दिल्लीतल्या द्वारकेत आमच्या बिल्डिंगखाली त्यांची स्कूटर अजून बसलेल्या टायरांवर उभी आहे.