गॉलवेहून पोस्ट केलेली कात्री

आयर्लंडला जाऊन काय बघायचं असं कुणी विचारलं तर मी आजही घडाघडा सांगू शकते. डब्लिनच्या म्युझियममध्ये दलदलीत सापडलेली हजारो वर्षांपूर्वीची माणसं ठेवली आहेत, ती आधी बघा, तिथे तिकीटही नाही. छत्री नेऊ नका, तिथला वारा ती उलटी करून तुमच्या हातात देईल. टोपी असलेलं जाकीट न्या. गॉलवेला समुद्राच्या कडेने फिरायला गेलात तर रस्ता संपतो तिथल्या भिंतीला एक लाथ मारून मगच मागे वळा, गावातले सगळे तसंच करतात. अरुंद रस्त्यावर समोरून गाडी आली की तो माणूस स्टिअरिंगवरचं एक बोट वर करेल. तुम्हीही करा, नाहीतर शिष्ट समजतात. आणि कुणाच्या घरी चहा विचारला तर पहिल्यांदा नको म्हणा, दुसऱ्यांदाही नको म्हणा, तिसऱ्यांदा घ्या.

यातलं काहीही मी स्वतःच्या अकलेने शोधलेलं नाही. हे सगळं मला शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये आमच्या शेजारच्या म्हातारीने सांगितलं होतं. तिचं मी पुढे काय केलं हे न सांगता नुसत्या टिपा वाटत फिरायचा मला कंटाळा आला आहे. कंटाळा कसला, लाज वाटते.

मी नवऱ्याच्या व्हिसावर अमेरिकेत आले होते. नागपूरला कॉलेजात शिकवत होते, इथे नोकरीची परवानगीच नव्हती. नवरा सकाळच्या ट्रेनने शिकागोला जायचा, मुलगी शाळेत, आणि मी खिडकीतून बर्फ बघायची. पहिल्या हिवाळ्यात मी आमच्या दारासमोरचा बर्फ फावड्याने ओढत होते तेव्हा शेजारचं दार उघडलं आणि एक म्हातारी म्हणाली, "तू फारच वाईट पद्धतीने करते आहेस. आत ये, चहा घे."

मी सवयीने नको म्हणाले. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा नको म्हणाले. तिसऱ्यांदा विचारल्यावर मी बूट काढले. ती खो खो हसत सुटली. "तू आयरिश आहेस का गं?" म्हणाली. अमेरिकन माणूस एकदा विचारतो आणि तुम्ही नको म्हणालात की विषय संपतो, हे मला तोवर चांगलंच कळून चुकलं होतं. कितीतरी घरांतून मी तहानलेली परत आले होते. या बाईकडे मात्र आपल्यासारखा आग्रह होता. त्या दिवसापासून आठवड्यातून तीन-चार दुपारी मी तिच्या स्वयंपाकघरात असायची. ती घट्ट तपकिरी ब्रेड करायची, मी पोहे न्यायची, त्यात तिखट कमी घालून.

वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ती गॉलवेच्या पलीकडच्या एका खेड्यातून शिकागोला आली होती. तिची आई शिवणकाम करायची, ही इथे पडदे शिवायची. नवरा गेला, मुलगा ॲरिझोनात चँडलरला स्थायिक झाला, रविवारी फोन करायचा. गावी एक धाकटी बहीण होती, तिच्याशी तीस वर्षांत बोलणं नव्हतं. आई वारली तेव्हा हिचा नवरा हॉस्पिटलात होता, हिला जाता आलं नाही. बहिणीने ते मनात धरलं. पत्रं जायची, नाताळचं कार्ड जायचं, उत्तर यायचं नाही.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात आम्ही आयर्लंडला जायचं ठरवलं. म्हणजे नवऱ्याने ठरवलं. अमेरिकेत परत शिरायला लागणारे पासपोर्टवरचे व्हिसाचे स्टॅम्प अजून चालू होते, ते संपायच्या आत काहीतरी करून घेऊ, एवढंच त्यामागचं कारण. मी शेजारी सांगितलं तेव्हा तिने हातातला कप खाली ठेवला आणि पुढचा महिनाभर आमची शिकवणी चालली. ती सांगायची, मी वहीत लिहून घ्यायची. तिकडे नवरा ऑफिसातल्या मित्रांना विचारून एक्सेल शीट करत होता, त्यात तासातासाला एक ठिकाण. "यार, लोकल लोकांचं ऐकलंस तर बेकऱ्या बघत बसशील," असं त्याला एका मित्राने सांगितलं होतं. तो ते घरी येऊन मला हसत हसत सांगायचा आणि मीही हसायची.

जायच्या आठवड्यात म्हातारीने माझ्यासमोर एक डबा ठेवला. आत फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळलेली शिवणाची मोठी कात्री होती, आईची. अमेरिकेला निघताना हिने ती आणली होती आणि बहीण म्हणत होती की ती तिची आहे.

"ती तिलाच दे," म्हातारी म्हणाली. "शनिवारी जा. मी तिला कळवलंय. तिला कमी ऐकू येतं, फोन उचलत नाही, पण दार उघडंच असतं."

मी म्हणाले, "आमच्याकडे कात्री हातात देत नाहीत, भांडण होतं."

"ते तर कधीच होऊन गेलं," ती म्हणाली.

आता इथे आमच्या लोकांची एक रीत सांगायला हवी. अमेरिकेतून भारतात कुणी निघालं की ओळखीपाळखीचे सगळे पार्सलं घेऊन येतात. व्हिटॅमिनच्या गोळ्या, शुगर तपासायची पट्टी, नातवाचे फोटो. आपण ती बॅगेत कोंबतो, पुण्यात किंवा मुंबईत उतरतो आणि तिथून कुरियर करून टाकतो. सांगली-साताऱ्याला हातोहात द्यायला कोण जातंय? पोचल्याशी कारण. घेणारे-देणारे सगळेच हे जाणून असतात. मीही आईसाठी नागपूरला कितीदा असं पाठवलं होतं. आई फोनवर म्हणायची, "डबा पोचला गं. पण तुला बघून आलेलं माणूस काही आलं नाही." मी म्हणायची, "आई, लोकांना वेळ नसतो." तिने कुणाकुणासाठी शिरा करून ठेवलेला असायचा, तो मग बाबा संपवायचे.

हे सगळं माहीत असून मी तो डबा घेतला, आणि हातात घेता क्षणी माझ्या लेखी ते एक पार्सल झालं. "कळवलंय" हे मी ऐकलं, पण आपण फोनवर सांगतो ना, अमक्यांबरोबर पाठवलंय, तेवढंच मी त्यातून घेतलं.

डब्लिन झालं. दलदलीतली माणसं बघून मुलगी घाबरली. शुक्रवारी दुपारी आम्ही गॉलवेला पोचलो आणि हॉटेलात नवऱ्याने नकाशा पसरला. समुद्रकड्यांचा तो प्रसिद्ध भाग एका दिशेला, बहिणीचं गाव बरोबर उलट्या दिशेला.

"तिकडे ड्राइव्ह करून गेलो ना, तर क्लिफ्स कॅन्सल करावे लागतील," तो म्हणाला. "तू सांग. मला दोन्ही चालेल."

त्याने मला विचारलं होतं, हे मी मुद्दाम लिहिते आहे. नंतर कितीतरी दिवस मी त्याच्यावर चिडचिड करत होते, पण निर्णय माझा होता. मी म्हणाले, "एवढं लांब येऊन क्लिफ्स नाही बघायचे? इथून पोस्ट करून टाकू. त्यांच्याच देशात आहे, सोमवारी पोचेल." मीच पोस्टात गेले, मीच पत्ता लिहिला. काउंटरवरच्या माणसाने आत काय आहे विचारलं. मी कात्री म्हणाले आणि मला हलकं वाटलं. मग संध्याकाळी आम्ही समुद्राच्या कडेने गेलो आणि भिंतीला लाथ मारली. मुलीने चार वेळा मारली.

शनिवारी क्लिफ्सवर धुकं होतं. दोन तास थांबलो, काही दिसलं नाही. नवऱ्याने तरी फोटो काढले.

परत आल्यावर मी दोन दिवस शेजारी गेले नाही. जेट लॅग आहे असं स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे काय बोलायचं ते जुळवत होते. बहीण घरी नव्हती, म्हणून पोस्ट केलं, असं सांगायचं मी ठरवलं. लिहायलाही कसंसं होतंय, पण ठरवलं होतं. मुलीला घेऊन गेले, हातात म्हातारीसाठी आणलेला जॅम. म्हातारीने टेबलावर तीन कप मांडले होते. ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती.

"कशी आहे ती?" तिने विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत मुलगी म्हणाली, "वी डिडन्ट गो देअर. वी मेल्ड इट."

म्हातारीने माझ्याकडे बघितलं. मला तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मी वेळेबद्दल, रस्त्याबद्दल काहीतरी बोलत राहिले. ती म्हणाली, "ठीक आहे. पोचली म्हणजे झालं." मग मुलीला विचारलं, भिंतीला लाथ मारलीस का? मुलीने सगळं रंगवून सांगितलं. म्हातारी हसली, ब्रेड कापला, मला चहा आग्रहाने दिला. मी घरी येऊन नवऱ्याला म्हणाले, "बरं झालं, तिने मनाला लावून नाही घेतलं." इतकी मी मूर्ख.

तीन आठवड्यांनी तिने मला बोलावलं आणि एक निळा कागद पुढे केला. "अक्षर बारीक आहे, वाचून दाखव," म्हणाली. तिने तो आधी वाचलेला होता, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. तरी वाचावं लागलं.

बहिणीने लिहिलं होतं की कात्री पोस्टमनने आणून दिली. शनिवारी तिने ब्रेड केला होता, खोलीत शेकोटी पेटवली होती, शेजाऱ्याला सांगून दारापर्यंतचं गवत कापून घेतलं होतं. चार वाजेपर्यंत ती फाटकाशी उभी होती. रविवारीही थांबली, चुकून एखाद दिवस पुढेमागे झाला असेल म्हणून. मग दोनच ओळी होत्या. "तू माणूस पाठवते आहेस असं लिहिलं होतंस. आई गेली तेव्हाही तू येतेस असंच लिहिलं होतंस. आता तुझ्याकडे माझं काही राहिलं नाही."

मी म्हणाले, चूक माझी आहे, मी लिहिते त्यांना, सगळं खरं लिहिते. ती म्हणाली, "लिही."

मी चार पानं लिहिली. एक्सेल शीट, क्लिफ्स, आमच्या लोकांची पार्सलची रीत, सगळं लिहिलं. एका परक्या, कमी ऐकू येणाऱ्या म्हातारीला मी कुरियर म्हणजे काय ते समजावत होते. उत्तर आलं नाही. मी दुसरं पत्र लिहिलं, त्याचंही नाही. ते तिला खोटं वाटलं असेल. अमेरिकेतली बहीण सबबी सांगायला आता दुसऱ्यांची अक्षरं वापरते, असंही वाटलं असेल. मला शोधूनही यातून वाट सापडत नव्हती. मी नवऱ्याला म्हणाले, आपण परत जाऊ, नुसते दोन दिवस. पण तोवर त्याच्या नोकरीत बदल झाला होता, नवे कागद मंजूर होईपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकू नका असं वकिलाने बजावलं होतं. आम्ही कुठेही जाऊ शकत नव्हतो.

फेब्रुवारीत बहीण गेली. गावच्या कुणीतरी चँडलरच्या मुलाला फोन केला, त्याने आईला सांगितलं. मला कळलं ते टपाल टाकणाऱ्या बाईकडून. त्या दिवशी मी शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूच्या देशी दुकानांतून वाणसामान आणायला जाणार होते, ते रद्द केलं. नागपूरला आईला फोन लावला आणि नुसती रडले. आईने विचारलं, काय झालं? मी सगळं सांगितलं. आईने ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अगं, तिला कात्री कशाला हवी होती या वयात? तिला तुला विचारायचं असेल, बहीण कशी दिसते, काय खाते, चालताना धाप लागते का. तू रोज बघत होतीस ना तिला."

हे मला माझ्या आईने सांगावं लागलं. तिने स्वतः किती शनिवार असे काढले होते, ते ती बोलली नाही.

दुपारी मी शेजारी गेले. बर्फ पडून गेला होता, तिच्या दारासमोरचा मीच सकाळी काढला होता, तिने शिकवलेल्या पद्धतीने. तिने दार उघडलं. तिने केस विंचरलेले होते, स्वेटरची बटणं नीट लावलेली होती. मी म्हणाले, मला फार वाईट वाटतंय. तिने मान हलवली आणि मला आत घेतलं. आम्ही स्वयंपाकघरात उभ्या राहिलो. किटली शेगडीवर होती.

"चहा घेणार?" तिने विचारलं.

"नको," मी म्हणाले, आणि तिच्या पुढच्या विचारण्याची वाट बघत उभी राहिले.

"बरं," ती म्हणाली आणि शेगडी बंद केली.