भिंतभर कपाट

धाकटी नवऱ्याचं घर सोडून आली, तेव्हा दादानं तिला एका शब्दानं काही विचारलं नाही. तो सरळ आपल्या फर्निचरच्या कारखान्यात गेला आणि मागच्या छोट्या खोलीसाठी भिंतभर कपाट करायला घेतलं. शिवाय पलंग, टेबल. सगळं त्याच्या नेहमीच्या भुशाच्या बोर्डाचं. खोली दाखवताना म्हणाला, "ही तुझी. आता कुणाच्या दारात बसायचं नाही."

दारात बसणं खरंच होतं. नवरा घराची किल्ली एकच ठेवायचा, आणि तीही स्वतःच्या खिशात. धाकटी कामावरून आधी पोचली, तर जिन्यात बसून त्याची वाट बघायची. शेजारीपाजारी जाता-येता विचारायचे, "आज पण?"

खोली मिळाली आणि थोड्याच दिवसांत सकाळी धाकटीचे डोळे लालबुंद दिसायला लागले. वहिनीच्या नजरेतून काही सुटत नसे.

"रडलीस ना?"

"नाही हो वहिनी."

"असू दे. मला कळतं."

धाकटीला कारण पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ती ज्या लॅबमध्ये नोकरी करायची, तिथलं कामच ते. स्टीलच्या घट्ट पेटीत बोर्डाचा तुकडा ठेवायचा, मोजून हवा सोडायची आणि बाहेर येणाऱ्या हवेत फॉर्मल्डिहाइड किती ते बघायचं. बोर्डाच्या स्वस्त गोंदातून हा वायू महिनोन् महिने झिरपत राहतो. डोळे चुरचुरतात, घसा धरतो. पर्यावरणपूरक इमारतींचे नियम आले, तशी त्यावर मर्यादाही आली. दादानं कपाटाला बाहेरून चकचकीत सनमायका लावला होता, आतून बोर्ड उघडाच. "आत कोण डोकावतंय?" हे त्याचं जुनं म्हणणं. धाकटी खिडकी उघडी ठेवायची, आणि वहिनी सर्दी होईल म्हणून मायेनं लावून जायची.

सांगायचं तरी कसं? एका नव्या शाळेच्या कपाटांचं काम दादाच्या हाती आलं होतं, बोर्ड चाचणीत पास होण्याच्या अटीवर. तो जेवताना ऐटीत म्हणायचा, "चाचणीची कसली चिंता? आपल्या घरातच लॅब आहे!" धाकटी मान खाली घालून जेवत राहायची. ज्यानं डोक्यावर छप्पर दिलं, त्याला तोंडावर कसं सांगणार, की तुझ्या कपाटानं माझे डोळे जळतायत?

एक दिवस वहिनीच म्हणाली, "मी यांच्याशी बोलले. असं झुरत राहण्यात काय अर्थ आहे? रविवारी दाजींना बोलावलंय."

"वहिनी, मी रडत नाही! ते कपाटामुळे होतंय."

"कपाटामुळे?" वहिनीला हसूच फुटलं. "आठवण येते म्हणायला लाज वाटते, म्हणून कपाटावर ढकलतेस होय? यांच्यासमोर बोलू नकोस हं. जीव ओतलाय त्यांनी त्यात."

रविवारी दाजी, म्हणजे धाकटीचा नवरा, आला. धाकटीनं चौघांच्या खुर्च्या आपल्याच खोलीत मांडल्या. "इथंच बसून बोलू," म्हणाली. मग लॅबमधल्या शिस्तीनं खिडकी लावली, दार लावलं, पंखा बंद केला आणि कपाटाची दारं सताड उघडली. आता ज्याचे त्याचे डोळेच काय ते सांगतील, असा तिचा हिशेब.

"झालं ते झालं," नवऱ्यानं सुरुवात केली. "मी काही राग धरलेला नाही." बोलता बोलता तो नाक ओढायला लागला, डोळे भरून आले, रुमाल निघाला.

दादा हेलावला. "बघ धाकटे! एवढा मोठा माणूस रडतोय. आणखी काय पाहिजे तुला?"

आपण का रडतोय हे नवऱ्यालाही कळेना, पण रडणं कामी येतंय एवढं कळलं. "मला फार वाईट वाटतंय," तो घाईघाईनं म्हणाला.

"बॅग भर," दादा म्हणाला.

धाकटीचा हिशेब तिच्याच अंगावर उलटला होता. ती उठली. कपाटातून एक एक कपडा काढून बॅगेत घालू लागली. तिचेही डोळे वाहायला लागले. आता त्यातलं गोंदाचं किती आणि तिचं स्वतःचं किती, हे तिलाही सांगता आलं नसतं.

तेवढ्यात वहिनी बाहीनं डोळे पुसत म्हणाली, "अहो, पण मी का रडतेय?"

नवऱ्यानं रुमाल पुन्हा नाकाला लावला.

"मला कुणाची आठवण यायला नको. माझा नवरा तर हा समोर बसलाय!" तिनं धाकटीकडे पाहिलं, मग उघड्या कपाटाकडे. उठली आणि खिडकी ढकलून उघडली.

"गोंद आहे तो, दादा," धाकटी हळूच म्हणाली. "यांना जरा अंगणात ने. रडणं थांबेल."

अंगणात खरंच थांबलं. डोळे कोरडे झाल्यावर नवऱ्यानं विचारलं, "येतेस ना?"

"माझ्यासाठी दुसरी किल्ली केलीत?"

त्याचा हात आपोआप खिशावर गेला. "ते बघू पुढे," तो म्हणाला. तो बाहेर पडला आणि फाटकाची कडी वहिनीनंच लावली.

धाकटी आत आली, तर खोलीचं दार पुन्हा बंद. दादा केव्हाच आत परतला होता. त्यानं खिडकीही लावून घेतली होती.

"धाकटे," आतून आवाज आला, "मला काहीच होत नाहीये गं. ना डोळ्यांना, ना नाकाला."

त्याचं सगळं आयुष्य त्या गोंदात गेलं होतं. नाक-डोळे केव्हाच सरावले होते.

"शाळेतल्या पोरांना होईल?"

"होईल, दादा."

तिनं दारावर टकटक केली. "बाहेर ये ना."

"थांब जरा," तो म्हणाला. कपाटाच्या आत डोकं घातल्यासारखा आवाज घुमला. "एकदा तरी येऊ दे मला वास."